फोटो एडिटिंगमध्ये प्रयोग करताना मजा का येत नाही?

ओली_काच

नमस्कार मंडळी. हौस म्हणून मी सहा वर्षांपासून छायाचित्रण करतो आहे आणि त्यांतली निदान चार वर्षे रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलवर) काम करतो आहे, त्यामुळे एडिटिंगची साधने मला अनोळखी नाहीत. अडचण वेगळीच आहे आणि ती मांडताना थोडा संकोच वाटतो. मला एडिटिंग येते, पण त्यात मजा येत नाही. दिवसभर बँकेत ताळमेळ जुळवायचा आणि रात्री फोटोही त्याच वृत्तीने जुळवायचा, असे काहीसे झाले आहे.

एक उदाहरण देतो. गेल्या श्रावणात महाडच्या एसटी स्थानकात आमची गाडी थांबली असताना मी खिडकीच्या काचेतून एक फोटो काढला. काचेवर पावसाचे थेंब, पलीकडे फलाटाला लागलेली लाल गाडी, आणि तिच्या दाराशी छत्री मिटवत उभी असलेली हिरव्या पातळातली एक बाई. घरी आल्यावर मी नेहमीच्या क्रमाने काम केले: आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्सपोजर, मग उजळ भाग खाली, सावल्या वर, थोडी क्लॅरिटी, धुरकटपणा काढणारे थोडे डिहेझ, शेवटी शार्पनिंग. हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळ छटांचा आलेख, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पसरला, गाडीवरची पाटीसुद्धा वाचता येऊ लागली. आणि मग लक्षात आले, की फोटोत पाऊस उरलाच नव्हता. धुरकटपणा काढता काढता मी पाऊसच पुसून टाकला होता.

फोटोला दाद बरीच मिळाली. मला मात्र तो परत पाहावासा वाटत नाही. काही जण एकाच फोटोची पाच विचित्र रूपे करून दाखवतात आणि ती करताना त्यांना आनंद होत असावा, हे कळते. मी तसे करायला बसलो, की दोन मिनिटांत हात पुन्हा त्याच स्लायडरांकडे वळतो आणि मनात प्रश्न येतो, की हे 'बरोबर' आहे का, ही फसवणूक तर नाही ना. तुम्ही प्रयोगाची सुरुवात कशी केलीत? आणि कुठे थांबायचे, हे कसे ठरवता?

तिसरा_थर

तुम्ही सांगितलेला क्रम दुरुस्तीचा आहे. त्या क्रमाने गेलेला कोणताही फोटो शेवटी निरोगी दिसणारच, आणि निरोगी फोटो सगळे एकमेकांसारखे दिसतात. प्रयोग करायचा असेल तर काही दिवस तो क्रम बाजूला ठेवा आणि हवा असेल तर त्याला उलट्या टोकाने भिडा. ज्या डिहेझने पाऊस पुसला, तोच स्लायडर शून्याच्या डावीकडे न्या. दुपारच्या उन्हातल्या फोटोत तो प्रकार बेगडी दिसतो, पण तुमच्या फोटोत धुके मुळातच होते, त्यामुळे ते वाढवणे ही त्या दृश्याशी केलेली लबाडी ठरत नाही.

भीतीबद्दल आधी एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण माझी भीती तिनेच गेली. एडिटिंगची प्रणाली डार्कटेबल असो वा लाइटरूम, तुम्ही मूळ रॉ फाइलला हातच लावत नसता. केलेले बदल सूचनांच्या रूपात वेगळे साठवले जातात आणि चित्र दर वेळी त्या सूचनांवरून नव्याने तयार होते. एका फोटोच्या दहा प्रती केल्या, तरी डिस्कवर दहा रॉ फाइली होत नाहीत, होते ती सूचनांची दहा छोटी टिपणे. हे मला ठाऊक होते, पण हाताला ते पटायला बराच वेळ लागला. त्यासाठी मी एक खोड लावून घेतली: फोटो उघडला, की पहिल्यांदा त्याच्या चार प्रती काढायच्या आणि त्यांतल्या एकीचा मुद्दाम सत्यानाश करायचा. ती एक वाया गेली, की उरलेल्या तिघींवर हात मोकळा चालतो.

आता तुमचाच फोटो घेऊ. तुमच्या वर्णनात लाल गाडी आणि हिरवे पातळ आहे, आणि कृष्णधवल करण्यासाठी याहून चांगली सामग्री शोधून मिळणार नाही. बहुतेक जण सॅच्युरेशन शून्यावर आणतात आणि ते झाले कृष्णधवल असे समजतात. त्याऐवजी चॅनेल मिक्सर उघडा; फोटोतला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा साठवलेला असतो, त्या प्रत्येकाला चॅनेल म्हणतात. जिंप या प्रणालीत कृष्णधवलसाठी मोनो मिक्सर नावाचे साधन आहे. केवळ लाल चॅनेल पूर्ण ठेवून बाकीचे दोन शून्य केलेत, तर गाडी पांढुरकी होईल आणि तिच्यापुढे ती बाई गडद आकृतीसारखी उठून येईल. केवळ हिरवा ठेवलात तर उलट होईल: गाडी काळवंडेल आणि पातळ त्या मानाने उजळेल. केवळ निळा ठेवलात तर गाडी आणि बाई दोन्ही अंधारात जातील, पावसाळी आभाळाचा निळसर उजेड आणि काचेवरचे थेंब तेवढे उरतील. एकाच क्षणाचे हे तीन फोटो झाले: पहिला बाईचा, दुसरा फलाटाचा, तिसरा काचेचा. यात तुम्ही काहीही घातलेले नाही आणि काहीही काढलेले नाही. कॅमेऱ्याने जे टिपले, त्यातले काय पुढे आणायचे, एवढेच ठरवले आहे.

दुसरा खेळ लेयरचा. भिंतीचा, जुन्या पत्र्याचा किंवा चुरगळलेल्या कागदाचा फोटो वरच्या थरात ठेवून ब्लेंडिंग मोड, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळण्याची रीत, बदलत जा. मल्टिप्लायमध्ये वरचा पांढरा भाग खालच्या चित्राला काहीच करत नाही आणि काळा भाग सगळे काळे करतो. स्क्रीनमध्ये नेमके उलट होते. म्हणून मल्टिप्लायसाठी पोत फिकट हवा आणि स्क्रीनसाठी गडद. एवढे लक्षात ठेवले तर अंदाजपंचे फिरणे कमी होते, आणि तरीही आश्चर्याला भरपूर जागा उरते. डिफरन्स हा मोड मात्र मी एकदाच वापरला आणि तो कशासाठी चांगला, तर दोन फोटो एकमेकांवर नीट बसले आहेत की नाहीत ते पाहण्यासाठी, या निष्कर्षावर येऊन सोडून दिला. इतर कुणाला त्यातून सुंदर काही मिळाले असेल तर पाहायला आवडेल.

काळी_खोली

माझ्या वडिलांचा मिरजेत स्टुडिओ होता आणि माझी शाळेनंतरची बरीचशी संध्याकाळ तिथल्या डार्करूमच्या लाल दिव्याखाली गेली, त्यामुळे 'बरोबर' आणि 'फसवणूक' या दोन शब्दांवर थोडे लिहितो.

आज ज्याला एडिटिंग म्हणतात, ते काम तेव्हा शिसपेन्सिलीने होत असे. निगेटिव्हच्या इमल्शनच्या (प्रकाशसंवेदी थराच्या) बाजूला रिटचिंगचे औषध अगदी पातळ चोळायचे, म्हणजे पेन्सिल धरते, आणि मग सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवर बारीक स्वल्पविरामांसारखे ठिपके भरायचे. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथे प्रकाश अडतो आणि प्रिंटवर ती जागा उजळते. सुरकुतीची सावली अशी भरून निघते. उलट काही गडद करायचे असेल, तर इमल्शन पात्याने हलकेच खरवडायचे. हात घसरला तर निगेटिव्ह गेले, आणि गिऱ्हाईक परगावचे असेल तर अब्रूही गेली. वडील ते काम करताना श्वास रोखून धरत. तुम्ही स्लायडरपुढे बसून जो ताण अनुभवता, तो त्यांनी खऱ्या कारणासाठी अनुभवला होता.

गंमत अशी, की इतका ताण असलेला माणूसही खेळत असे, आणि त्याचा खेळ टेस्ट स्ट्रिपवर चाले. ब्रोमाइड कागदाचा पूर्ण ताव वाया जाऊ नये म्हणून त्याच्या पट्ट्या कापायच्या, एक पट्टी निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरखाली ठेवायची, पुठ्ठ्याने झाकत झाकत तिच्यावर पाच, दहा, पंधरा, वीस सेकंदांचे टप्पे पाडायचे आणि डेव्हलपरमध्ये सोडायची. ती पट्टी चुकण्यासाठीच असे. तिच्यावर वडील काहीही करत: कधी हाताच्या बोटांची सावली पाडत, कधी काचेवर तांदळाचे दाणे टाकून पाहत. लग्नाच्या अल्बममध्ये कमळाच्या फुलात नवरानवरीचे चेहरे उमलवण्याची जी पद्धत त्या काळी सगळीकडे होती, तीही त्यांनी अशाच पट्ट्यांवर कागदी मास्क कापून बसवली होती. आज त्या कमळांना लोक हसतात. मीही हसतो, पण दोन एक्सपोजरच्या मधली सीमा कुठेही दिसत नाही, हे पाहून थांबतोही.

फसवणुकीच्या शंकेला इतिहासाने फार आधी उत्तर दिले आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची छायाचित्रे काढत होते. त्या काळी काचेवर लावले जाणारे कोलोडियन हे प्रकाशसंवेदी रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने लाटा नीट येईपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. तेव्हा त्यांनी आकाशाचे वेगळे निगेटिव्ह घेतले, समुद्राचे वेगळे घेतले आणि दोन्ही क्षितिजाशी जोडून एक प्रिंट केला. १८५७मध्ये ऑस्कर रेयलांडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्हे जोडून एकच मोठे चित्र केले होते. अमेरिकन छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्स यांनी १९४१मध्ये न्यू मेक्सिकोत चंद्रोदयाचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्याच्या सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये आकाशात ढगांचे पट्टे दिसतात आणि काही दशकांनंतरच्या प्रिंटांमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे आहे. निगेटिव्ह एकच होते. इतक्या वर्षांत त्यांनाच ते आकाश वेगळे दिसू लागले, असे मी समजतो.

तुमच्या थेंबांसाठी एक जुनी युक्ती सुचवतो. डेव्हलप होत असलेल्या प्रिंटवर मधेच उजेड पडला, तर काही छटा उलट्या होतात आणि कडांशी रेषा उमटतात. याला सबातिए परिणाम म्हणतात, लोक सोलरायझेशन म्हणतात, आणि १९२९च्या सुमारास मॅन रे आणि ली मिलर या छायाचित्रकारांनी तो पॅरिसमध्ये मुद्दाम वापरायला सुरुवात केली. तुम्हाला त्यासाठी अंधार लागणार नाही. छटा उजळ-गडद करणाऱ्या कर्व्ह या आलेखाच्या मध्यावर एक बिंदू ठेवून तो वर ओढा आणि उजवे टोक खाली तळाशी आणा, म्हणजे कर्व्ह डोंगरासारखा दिसेल. गडद छटा उजळत जातील, सर्वांत उजळ छटा काळ्या होतील, आणि काचेवरचा चमकणारा थेंब आतून काळा नि कडेला उजळ होईल. हे दहात नऊ वेळा कुरूप दिसते. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर, पट्टीवर करा.

कोरा_कागद

वरच्या दोन्ही प्रतिसादांत मोलाची माहिती आहे, पण माझा अनुभव थोडा निराळा आहे आणि तो सांगितला नाही तर धागा एकांगी होईल. मी तीन वर्षे असे प्रयोग मनमुराद केले. पोत, दुहेरी एक्सपोजर, उलटे रंग, सगळे. तीन वर्षांनी मागे वळून पाहिले, तर सगळे फोटो साधनाविषयीच बोलत होते. कोणता कुठे काढला, हे मलाही आठवेना. काहीही सहज मागे घेता येते, तेव्हा कशाचीच किंमत उरत नाही. शिसपेन्सिलीच्या त्या कामात एकाग्रता होती, कारण चूक महाग होती.

म्हणून मी स्वतःवर एक बंधन घातले आहे. संगणक सुरू करण्याआधी कागदावर एक ओळ लिहितो: या फोटोत मला काय आठवायचे आहे. 'काचेचा गारवा', 'फलाटावरचा डिझेलचा वास', असे काहीतरी. मग त्या ओळीसाठी जे लागेल ते करतो आणि तिच्याशी संबंध सुटला, की थांबतो. 'कुठे थांबायचे' या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

आणि फसवणुकीची शंका पूर्णपणे झटकूनही टाकू नये. वृत्तछायाचित्र आणि वन्यजीवांचे छायाचित्र यांत पाहणारा माणूस 'हे घडले' असे धरून चालतो, म्हणून तिथले नियम कडक असतात; वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांत निवड होण्यापूर्वी मूळ रॉ फाइल मागून घेतात, ते याच कारणासाठी. तुमची बाई स्थानकावर उभी आहे, ती कुणी बातमी म्हणून पाहणार नाही, तेव्हा तुम्हाला मोकळीक आहे. पण ज्या गावात दुष्काळ आहे तिथल्या आभाळात ढग जोडू नका, एवढे मी नक्कीच म्हणेन.

तिसरा_थर

कोरा_कागद यांचे म्हणणे मान्य आहे, फक्त क्रमाबद्दल मतभेद आहे. आधी ओळ लिहायला सांगितले, तर ओली_काच यांच्यासारखा मनुष्य ती ओळसुद्धा बरोबर लिहिण्याच्या मागे लागेल. त्यांना आधी थोडे बिघडवू द्या. तीन वर्षे कशाला, तीन रविवार पुरेत.

उन्हाची_वाट

लहानसा प्रतिसाद. पडद्यापुढे मजा येत नसेल, तर एकदा पडदा सोडून पाहा. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी मुलांबरोबर सायनोटाइप करते. ही पद्धत शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२मध्ये शोधली: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे सम प्रमाणात मिसळून मंद उजेडात जाड कागदाला लावायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर पारदर्शक शीटवर छापलेली निगेटिव्ह ठेवून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचे. एप्रिलच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटांत काम होते, पावसाळी दिवशी तास जातो. साध्या पाण्यात धुतले, की प्रशियन निळा रंग उरतो. तो प्रिंट नंतर कोऱ्या चहात बुडवून ठेवला, तर निळ्याचा काळपट तपकिरी होतो आणि कागदही किंचित पिवळसर होतो. तुमच्या संगणकावर सावल्यांना एक आणि उजळ भागांना दुसरा रंग देणारे स्प्लिट टोनिंग नावाचे जे साधन असते, त्याचे दोन रंग कुठे मिसळतात हे मला या चहाच्या ताटलीत कळले. मुलांना मात्र ते धुण्यातच जास्त रस असतो. द्रावण करताना हातमोजे घालावेत आणि ताटली परत स्वयंपाकघरात नेऊ नये, हे सांगितलेले बरे.

ओली_काच

सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार झाले, म्हणून हिशेब देतो.

पहिला रविवार पूर्ण वाया गेला. चार प्रती काढल्या, त्यांतली एक बिघडवायला घेतली, आणि ती बिघडवण्यातही मी नीटनेटका निघालो. बायकोने मागून पाहून विचारले, की आधीचा आणि आताचा यांत फरक काय आहे. मग चिडून डिहेझ डाव्या टोकापर्यंत नेला आणि तसाच ठेवून झोपायला गेलो. सकाळी चहा घेताना तो पडद्यावर दिसला, तेव्हा वाटले, की गाडी सुटण्याच्या आधी काच अशीच दिसत होती.

दुसऱ्या रविवारी मोनो मिक्सर. लाल चॅनेलमध्ये ती बाई खरोखरच उठून आली, आणि इतकी आली, की मला पहिल्यांदाच दिसले, ती छत्री मिटवत नव्हती, उघडत होती. गाडीतून उतरत होती. फोटो काढून वर्ष झाले आणि मी सगळ्यांना चुकीचे सांगत होतो, इथेही तेच लिहिले आहे. निळ्या चॅनेलमध्ये ती नाहीशीच झाली आणि थेंब राहिले. लाल चॅनेलचा फोटो निर्विवादपणे चांगला आहे, पण मी तासभर पाहत बसलो तो निळ्याचा. कर्व्हचा डोंगर करून पाहिला. काळी_खोली यांनी सांगितल्याप्रमाणे तो कुरूपच आला, पण काही थेंब आतून काळे झाल्यावर जांभळाच्या बियांसारखे दिसले आणि मी एकटाच हसलो. ती प्रत पुसलेली नाही.

पोत लावण्याचा प्रयत्न साफ फसला. गच्चीच्या भिंतीचा फोटो मल्टिप्लायमध्ये टाकला, तो पुरेसा फिकट नव्हता आणि सगळे चित्र डांबर ओतल्यासारखे झाले. चूक कुठे झाली ते लगेच कळले, हे एक बरे.

काल रात्री निळ्या चॅनेलच्या प्रतीत धुके वाढवले, थोडे ग्रेन (फिल्मसारखा रवाळपणा) टाकले, क्लॅरिटी उणे केली आणि आठ बाय बाराच्या प्रिंटसाठी फाइल दिली. आज दुपारी दुकानातून फोन आला. तिथल्या मुलाने फार अदबीने विचारले, की फाइल खराब झालेली दिसते, काहीच स्पष्ट दिसत नाही, दुसरी पाठवता का. मी म्हणालो, आहे तीच छापा. एक प्रश्न मात्र खरोखर आहे: अशा धूसर फोटोला कागद कोणता घ्यावा?

काळी_खोली

मॅट घ्या. चकचकीत कागदावर दिव्याचे प्रतिबिंब पडेल आणि फोटोतली काच कोणती नि वरची चमक कोणती, ते कळणार नाही. आधी एक लहान पट्टी छापून मागा. काळ्या छटा मॅटवर थोड्या उतरतात, त्या बघून मग मोठा प्रिंट सांगा.

ओली_काच

पट्टी सांगितली आहे. बाईचा फोटोही सोबत दिला.